लायलच्या कोटातलं काडतूस

अर्डिस तव्यावर बटाट्याचा कीस परतत होती आणि तिचा नवरा ऑर्वल साखरेचं भांडं चाचपत होता. भांडं त्याच्या कोपराशीच होतं.

"आंधळा झालास की काय?" ती हसत म्हणाली. तो हसला नाही.

आज एल्क हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. निम्मं गाव उजाडायच्या आत डोंगरात गेलं होतं, आणि बऱ्याच जणांच्या खिशात काडतुसं होती ती ऑर्वलनं भरलेली. धान्याच्या कोठारावरची नोकरी संपल्यापासून गॅरेजात तो हेच करी. प्रत्येकाच्या बंदुकीचं एक बिनदारूचं नमुना-काडतूस त्याच्याकडे वेगळ्या डबीत असे. ते दाबयंत्रात, प्रेसमध्ये, ठेवायचं आणि गोळी बसवायचा साचा, म्हणजे डाय, त्याला टेकेपर्यंत फिरवत खाली आणायचा. मग प्रत्येक गोळी त्याच मापाला बसे.

मुलीनं नाताळात नवी डाय पाठवली होती, माथ्यावर मापाचे बारीक आकडे कोरलेली. ऑर्वलनं ती खोक्यातून काढलीच नाही. "माझी बोटं पुरेत मला," म्हणाला. अर्डिसला तेव्हाच खटकलं होतं. नवं अवजार दिसलं की पोरासारखा हरखणारा माणूस हा.

दारावर टकटक झाली. शेजारची मार्लिस होती, घरच्याच सपातांवर आलेली.

"हे घे बाई," तिनं तळहात उघडला. "लायलच्या जुन्या कोटात निघालं. गेल्या वर्षी ऑर्वलकडून नेलेला नमुना. माझ्या नवऱ्याला परत द्यायची सवय कुठाय? तुझं फावडंसुद्धा अजून आमच्याकडेच आहे."

ऑर्वलचा कप हवेतच थांबला. "लायलचा नमुना गॅरेजात आहे. त्याच्याच डबीतला लावून गेल्या आठवड्यात त्याची काडतुसं भरली मी."

अर्डिस गॅरेजात जाऊन ती डबी घेऊन आली. खिडकीच्या उजेडात तिनं दोन्ही काडतुसं शेजारी उभी केली. डबीतलं चांगलंच आखूड होतं.

"ऑर्वल, हे तुझ्या बंदुकीचं आहे. आवरताना चुकीच्या डबीत टाकलंस."

"म्हणजे काय झालं?" मार्लिसनं विचारलं. "अगं, सांग ना."

"लायलची गोळी लांब," अर्डिस हळूच म्हणाली. "ती आखूड मापाला दाबली, म्हणजे काडतुसाच्या नळीत फार खोल गेली. आत दारूला जागा कमी उरली की बार उडताना दाब वाढतो. बंदूक चेहऱ्यापाशीच फुटू शकते."

मार्लिसनं डोंगरात गेलेल्या लायलला फोन लावला, पुन्हा लावला. खिंडीपलीकडे कधीच लागत नसे.

डोंगरावरून एक बार ऐकू आला. तिघंही खिडकीकडे वळली. थोड्या वेळानं आणखी एक.

"हा लायल नव्हे," मार्लिस घाईघाईनं म्हणाली. "त्याला दुसऱ्या गोळीची गरज पडत नाही कधी." मग तिनं पुन्हा फोन लावला.

अर्डिसनं तव्याखालचा जाळ बंद केला. ऑर्वलनं कोट चढवला, खुंटीवरची ट्रकची किल्ली काढली. इतक्या वर्षांत त्या ट्रकचं स्टिअरिंग त्यानं कुणाच्या हाती दिलं नव्हतं. किल्ली त्यानं अर्डिसपुढे धरली.

"गाडी तू चालव," तो म्हणाला. "मला नीट दिसत नाही."