विटांवर काढलेल्या विटा

शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या काठी विटांचा एक पडका किल्ला आहे, हे डोंबिवलीत जन्म काढूनही मला परवा कळलं. रविवारी सकाळी टोपी, टॉर्च आणि मोजायची टेप घेऊन मी मोठ्या संशोधकाच्या थाटात निघालो. बायकोनं फक्त पाणी घेतलं. उपयोगी पडलं ते तेवढंच.

कल्याणहून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं उतरवलं एका लग्नाच्या लॉनसमोर. "किल्ला तो काय, मागं," तो म्हणाला.

मागं गेलो आणि डोकंच फिरलं. जुन्या तटाला सिमेंटचं गुळगुळीत प्लास्टर, त्यावर तांबडा ऑइलपेंट, त्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेल्या विटा. खऱ्या विटा झाकून वर विटांचं चित्र.

उघडा राहिला होता तो नदीकडचा एकच बुरूज. त्याला पाठ लावून प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारे बाबा बसले होते. समोर गवंडी थापी घेऊन ताटकळत होता.

"मी उठलो का यो प्लाष्टर मारेल," बाबा म्हणाले.

जागा त्यांच्याच घराण्याची. पूर्वी भातशेती होती, आता पुतण्या लॉन चालवतो.

मी विचारल्यावर बाबांनी बसल्याबसल्या बुरूज दाखवला. खाली काळ्या दगडाचा पाया, वर भाकरीसारख्या रुंद, चपट्या विटा. नदीच्या गाळात भाताचा तूस मिसळून भाजलेल्या. तुसाचे ठसे अजून दिसतात. चुना धरावा म्हणून प्रत्येक ओल्या विटेवर कुणीतरी तीन बोटं ओढलेली. वर जंग्या (मारा करायची तिरकी भोकं), कल्याण बंदराकडून येणाऱ्या होड्यांवर रोखलेल्या. बांधला कुणी, ते बाबांच्या आज्यालाही ठाऊक नव्हतं.

"आमची पयली हलद नवरीला नय," बाबा म्हणाले, "या बोटांच्या खुणांना लावतान. मंगलवारी नातीची हलद हाय. सिमेटाला लावू काय?"

तेवढ्यात पुतण्या आला. चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंटखाली ओल कोंडून विटा कुजतात, असं मी त्याला व्याख्यान दिलं.

"काका, तुमच्या बिल्डिंगला प्लास्टर हाय ना?"

"आहे."

"मग आमीच उघड्या विटा दाखवायच्या? पाहुणे बोलतात, लॉन झकास, मागं पडकं काय ठेवलंय."

बायकोनं गवंड्याची हातोडी मागून घेतली आणि रंगवलेल्या तटावर हाणली. पोपडा पडला. आतली वीट पुतण्यानं उचलली, तर तिचा हातातच ओला भुगा झाला. त्यानं हात पँटला पुसला.

"बरं," तो म्हणाला. "हळदीपुरता एक चौकोन उघडा ठेवतो. ग्रॅनाइटची फ्रेम मारून."

"आणि बाकीचा बुरूज?"

"बुधवारी उरकतो. पुढं बुकिंग हाय."

ग्रॅनाइटची फ्रेम. परतताना रिक्षात मी एवढा बडबडलो की रिक्षावाल्यानं गाणी लावली. नदीच्या इतक्या पुरांना जे जमलं नाही, ते आपण हौसेनं, रंगरंगोटी करून पार पाडतो. आणि अर्ध्या तासावर राहून एवढ्या वर्षांत एकदाही तिकडे न फिरकलेला मी कुणाला शहाणपण शिकवत होतो?

घरी आल्यावर बुधवारची रजा टाकली.

"तिथे जाऊन करणार काय तुम्ही?" बायकोनं विचारलं.

"बाबांना जेवायला तरी उठावं लागेल ना. तेवढा वेळ त्या खुर्चीत मी बसेन."