माणूस हायस तर बोल

आमच्या शेजारच्या तात्यांच्या अंगणात पाला जरी सळसळला, तरी ते ताडकन उठायचे आणि ओरडायचे, "कोण हाय रे? माणूस हायस तर बोल!" मग मांजर निघायचं, कोंबडी निघायची. एकदा मीच निघाले, हातात ताकाचा तांब्या घेऊन. "बोलले असते हो, पण तुम्ही बोलू दिलंत कुठं?" असं म्हटलं, तरी हसले नाहीत. परत बसले तेव्हाही त्यांचा गुडघा हलतच होता. हा माणूस निवांत बसलेला मी कधी पाहिलाच नाही.

पुढ्यात गोणपाटावर त्यांची एकनळी बंदूक असायची, कायम भाग सुटे करून ठेवलेली. पिकाच्या राखणीसाठी रीतसर परवाना काढून जुनीच विकत घेतलेली. वरंधच्या बाजूच्या आमच्या वाडीत एवढी एकच. लाकडी दस्त्याला पोचा दिसला की ते त्यावर ओलं फडकं ठेवून तापलेली इस्त्री धरायचे. वाफेनं लाकूड फुगून वर यायचं. मग पॉलिशपेपर, मग जवसाचं तेल, तळहातानं चोळून चोळून. नळीचं तर विचारूच नका. आधी तिच्यावर मुद्दाम गंज चढवायचा, मग पत्र्याच्या पन्हळीत पाणी उकळून त्यात ती ठेवायची, बाहेर काढून घासायची. तांबडा गंज काळाभोर व्हायचा. "गंजावर गंजच औषध हाय," असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको, आमच्या काकी, करवादायच्या, "माझ्या भाताला लाकडं नायत नि ह्यांची नळी शिजतेय!"

सगळं लख्ख झालं, की चार दिवसांनी पुन्हा खरवडून पहिल्यापासून सुरू. कुणी बंदूक मागायला आलं की उत्तर ठरलेलं. "अजून एक हात बाकी हाय."

गेल्या वर्षी डुकरांनी आमची नाचणी लोळवली. सकाळी शेत बघून मी मटकन खालीच बसले. मुंबईहून आलेला माझा दीर पेटला, चार पोरं जमवून तात्यांकडे गेला. "तात्या, एक रात्र द्या फक्त. फुल सेफ्टी, माझी गॅरंटी." तात्यांनी नळी मांडीवर ओढून घेतली. "अजून एक हात बाकी हाय."

माझं डोकंच फिरलं. "तात्या, ही बंदूक आहे की देव्हाऱ्यातला देव? चालवायची नसेल तर ठाण्यात जमा तरी करून टाका!"

"जमा केली तर उद्या कुणाच्या तरी हातात जाईल," ते पुटपुटले. "हितं सुटी पडलीय तीच बरी." आणि त्यांनी फडकं पुन्हा तेलाच्या वाटीत बुडवलं.

मी तरातरा घराकडे निघाले. मागून धोंडूदादा काठी टेकत आले. तात्यांचे लहानपणापासूनचे मित्र, रोज संध्याकाळी लंगडत त्यांच्याकडे यायचे.

"गो, त्याला बोलू नको. ह्या मांडीत त्याच्याच बंदुकीचे छर्रे हायत. वरीच्या शेतात काय हाललं, त्याला वाटलं डुक्कर. मी हाक मारली होती. त्याला आयकू आली, पण बार उडाल्यावर."

"मग पोलिस?"

"त्यांना सांगितलं, मी हाकच मारली नाय. चूक माझी. सुटला बिचारा. सुटला कसला! ती हाक अजून त्याच्या कानात हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिराला मुकाट्यानं घरी नेलं. नाचणी गेली ती गेली.

यंदाच्या पावसाळ्यात तात्या गेले. अंगणातच, हातात तेलाचं फडकं. बंदूक जमा करणं भाग होतं. मी, काकी आणि धोंडूदादा रिक्षा करून महाडला गेलो. काकींनी गोणपाटाची गुंडाळी वाटभर पोटाशी धरली होती. ठाण्यात ती हातातून सोडताना त्यांना रडू फुटलं.

हवालदारानं बंदूक उजेडात धरली, दस्त्यावरून हात फिरवला. "अहो, ही जुनी म्हणता? हिच्यावर तर चरासुद्धा नाही. कधी उडालीच नाही वाटतं?"

काकींनी पदर तोंडाला लावला. धोंडूदादा बाकावरून उठले, लंगडत टेबलापाशी आले आणि रुमाल काढून नळीवरचे बोटांचे डाग पुसू लागले.

"एकदाच उडालीय, साहेब," ते म्हणाले. "चूक माझी होती. मी हाक मारली नव्हती."