रज्जाकभाईंचा कान

सायकलच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठतात: फाटक्या ट्यूबा आणि किस्से. ट्यूबा भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र माझ्याबरोबर घरी येतात. पाहुणे बसलेले असले की बायको हळूच म्हणते, "अहो, तो चमच्याचा सांगा ना!" आता तुम्ही बसलाच आहात, तर घ्या ऐकून.

भोरच्या एसटी स्टँडमागं आमचं दुकान. आमचं म्हणजे रज्जाकभाईंचं आणि माझं, निम्मं-निम्मं. गल्ल्यावर मी, चाकाशी ते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. शाळा चौथीपर्यंत. पण कान असा, की गिऱ्हाईक कोपऱ्यावर वळायच्या आत म्हणायचे, "दिलीप, मागल्या चाकाच्या बेअरिंगचं छर्रं काढून ठेव."

*

दोन हजार सालानंतर पुण्याची मंडळी जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली घेऊन राजगड-तोरण्याकडं यायला लागली. डिस्क ब्रेकची पहिली सायकल दुकानात आली तेव्हा रज्जाकभाई तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले.

"दिलीप, ह्येनी चाकाला ताटली बसवलीया!"

मालक म्हणाला, "दर फेऱ्याला टिक् वाजतं. डिस्क वाकलीय. पुण्यात म्हणाले, नवीनच टाका."

रज्जाकभाईंनी मागं पांढरा कागद धरला आणि चाक हळूहळू फिरवलं. डिस्क कुठं पॅडला टेकते ते हेरलं. मग पान्याला स्वच्छ फडकं गुंडाळून तिथंच जरासं वाकवलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा वाकवलं. अर्ध्या तासात टिक् गायब!

रज्जाकभाई हात पुसत म्हणाले, "पुण्यात नवीन टाकत असतील, साहेब. भोरात सरळ करत्यात!"

*

बँकेतून रिटायर झालेले कुलकर्णीसाहेब. मुलानं त्यांना डिस्क ब्रेकची सायकल भेट दिली. ब्रेक दाबला की ती किंचाळायला लागली. साहेबांना कुणाला विचारायची सवय नाही. शिवणाच्या मशीनचं तेल घेतलं आणि डिस्कवर सोडलं, चांगलं सढळ हातानं.

दुसऱ्या दिवशी कोपराला पट्टी बांधून दुकानात हजर.

"रज्जाक, आवाज पूर्ण गेला बरं का!"

"आन् ब्रेक?"

"तेच सांगायला आलो. तोही गेला. मी नगरपालिकेच्या भिंतीवर थांबलो!"

रज्जाकभाईंनी पॅड बदलले, डिस्क स्पिरीटनं पुसली. आणि तेलाची बाटली मात्र साहेबांकडून कायमची काढून घेतली.

*

हा चमच्याचा. पवार गुरुजी रोज सायकलनं लांबच्या वाडीवरच्या शाळेत जायचे. त्यांची तक्रार विचित्र होती. "सकाळी जाताना ब्रेक एकदम शांत. संध्याकाळी येताना खडखड खडखड!"

मी म्हटलं, उताराचा फरक असेल. आम्ही पॅड बघितले, नट आवळले. तरी तेच. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी रज्जाकभाई संध्याकाळी रस्त्यावर जाऊन उभेच राहिले. गुरुजी आले. रज्जाकभाईंनी ब्रेककडं बघितलंसुद्धा नाही. सरळ हँडलची पिशवी मागितली, जेवणाचा डबा काढला आणि कानाशी हलवला.

"गुरुजी, सकाळी डब्यात भाजी असती, तवा चमचा गप असतो. सांजच्याला रिकामा डबा. उद्यापास्नं चमचा खिशात ठेवा!"

गुरुजींनी पुढं तो धडा म्हणून वर्गात सांगितला. मुलांनी विचारलं म्हणे, "सर, आणि तुमच्या ते तीन दिवस लक्षातच आलं नाही?"

*

सगळेच किस्से हसायचे नाहीत. एका रविवारी पुण्याचा एक तरणाबांड माणूस समोरच्या टपरीवर चहाला थांबला. घाट उतरून कोकणात जायचं होतं. चहा संपवून निघाला, जरा पुढं जाऊन ब्रेक दाबला, आणि खट् झालं. एकदाच. मला ऐकूसुद्धा आलं नाही.

रज्जाकभाई हातातलं काम टाकून पळत सुटले आणि त्याच्या पुढच्या चाकासमोर उभे राहिले.

"सायकल दुकानात घ्या."

"काका, उशीर होतोय. ब्रेक लागतोय की!"

"आज लागतोय."

तो चिडला. पण भाई हलेनात. शेवटी चडफडत दुकानात आला. डिस्क चाकाला सहा स्क्रूंनी बसवलेली असते. तीन कधीच पडून गेले होते. चौथ्याला रज्जाकभाईंनी नुसतं बोट लावलं, तो हातात आला. त्यांनी तो त्याच्या तळहातावर ठेवला.

त्यानं तो मुठीत धरला आणि बाकावर बसला. म्हणाला, "माझी मुलगी तीन महिन्यांची आहे."

"मग आणिक एक चहा घ्या," रज्जाकभाई म्हणाले, "आमी तवर सहाच्या सहा बसवतो."

*

एकदा एका कंपनीचा इंजिनिअर आमचं नाव ऐकून मुद्दाम आला. वही, पेन, गळ्यात कॅमेरा. "तुम्ही ब्रेकचा आवाज ओळखता, त्यासाठी नेमकं काय करता?"

रज्जाकभाईंनी खूप विचार केला. मग म्हणाले, "दुकानातला रेडिओ बंद करतो."

त्यानं ते लिहून घेतलं!

*

आणि हा सुनीताचा. राजगडाखालच्या पाली गावची पोरगी, भोरच्या कॉलेजात शिकायची. वेल्ह्याला डोंगरातल्या सायकलींची शर्यत होती. ट्रेकला येणाऱ्या एका ग्रुपनं तिला आपली जुनी डिस्कवाली सायकल वापरायला दिली. ब्रेक दाबला की ती सायकल असा हंबरडा फोडायची की गुरं बुजायची. शर्यतीला दोन दिवस राहिले होते.

"काका, लोक हसत्यात. मी न्हाई जात."

"हसू दे. तू हितं बस."

त्यांनी पॅड काढून पॉलिश पेपरवर घासले, डिस्क स्पिरीटनं पुसली, ढिला झालेला ब्रेक डिस्क मधोमध येईल असा घेऊन आवळला. मग सुनीताला चढावर नेऊन वीस वेळा उतरायला लावलं. दर वेळी वेग घेऊन ब्रेक दाबायचा, म्हणजे घासलेले पॅड डिस्कवर नीट बसतात. पंधराव्या वेळेला हंबरडा थांबला. भाई म्हणाले, "आणिक पाच."

शर्यतीच्या दिवशी आम्ही दुकानाला कुलूप लावून वेल्ह्याला गेलो. शेवटच्या वळणावर गर्दीत उभे राहिलो. रज्जाकभाईंचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा, लांबचं काही दिसत नव्हतं. मी सांगायचं असं ठरलं होतं.

पण वळणावर धुरळ्याचा लोट उठला आणि मलाच काही दिसेना. धुरळ्यातनं किंचाळत एक सायकल आली. मग दुसरी, कर्कश्श. तिसरी तर दोन्ही ब्रेकांनी रडत होती. लोकांनी कानावर हात ठेवले.

मी टाचा उंचावून बघत होतो. "भाई, काय कळत न्हाई, कोण पुढं हाय ते!"

तेवढ्यात त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"दिलीप, गप. आता जी गेली ना, जिचा आवाजच आला न्हाई... ती आपली!"