मंगलताईंच्या जुन्या स्लाइड्स

नाकातला तुकडा घेऊन पेशंटचा नवरा आला तेव्हा मी बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं. मंगल, वय एकेचाळीस, चौसाळा. चार वर्षांत हे तिसरं ऑपरेशन.

मी बीडमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि आजार काय ते लिहून द्यायचं, हे माझं काम. पेशंटचा चेहरा आम्हाला फारसा दिसत नाही.

नवरा बाटली ठेवून लगेच गेला नाही. त्यांची पिठाची गिरणी आहे, ती बायकोच चालवते, वगैरे त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, ह्या टायमाला नीट बघा. तिला वासच येत न्हाई. दिवाळीच्या आधी घरात गॅस लीक झालता, तिला कळलंच न्हाई. काडी ओढली अन् हात भाजला."

दोन दिवसांनी स्लाइड तयार झाली. सायनस म्हणजे नाकाच्या आजूबाजूच्या हाडांतल्या पोकळ्या. त्यांच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहिली की त्याचे लोंबते गोळे होतात, त्यांना पॉलिप म्हणतात. मंगलताईंच्या पॉलिपमध्ये इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी होती; त्या दिसल्या की गोळा परत येण्याचा धोका जास्त, म्हणून स्टिरॉइडचं औषध दीर्घकाळ द्यावं लागतं. अस्तराखाली फायब्रोब्लास्ट दाट पसरले होते. या संयोजी ऊतीतल्या, म्हणजे अवयवांना आधार देणाऱ्या जाळीतल्या पेशी. जखम झाली की त्या धागे विणून ती भरून काढतात. आम्ही शिकलो तेव्हा त्यांना नुसत्या भरावाच्या पेशी समजत. आता कळलंय की त्या सूज आणणाऱ्या पेशींना बोलावतातही. गोळा कापला तरी मागे राहिलेल्या अस्तरात त्या असतातच, आणि बोलावणं चालू राहतं.

कपाटातून आधीच्या दोन्ही स्लाइड्स काढल्या. पहिल्यांदाही हेच चित्र होतं. दुसऱ्यांदा जास्त दाट. दोन्ही रिपोर्टवर सही माझीच होती आणि मजकूरही सारखाच: 'सुजेचा पॉलिप. कॅन्सर नाही.' चुकीचं त्यात काहीच नव्हतं. इओसिनोफिलचा उल्लेख मात्र दोन्हींत कुठेच नव्हता.

सर्जनना फोन केला. तिन्ही स्लाइड्समध्ये काय दिसलं ते सांगितलं. ते म्हणाले, "इओसिनोफिल लिहिले असते, तर मी ऑपरेशननंतर महिन्याभरात स्टिरॉइडचं औषध बंद केलं नसतं."

"लिहायला हवे होते. माझं चुकलं."

"मीही विचारलं नाही," ते म्हणाले. "आता तिला कोण सांगणार?"

मी सांगते म्हणाले.

रिपोर्ट न्यायला मंगलताई स्वतः आल्या. मी त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं, तिन्ही स्लाइड्स दाखवल्या. त्यांनी शांतपणे पाहिल्या. मग विचारलं, "म्हंजी पैल्या बारीलाच दिसत व्हतं?"

"होय. मी लिहिलं नाही."

त्यांनी पदर भाजलेल्या हातावर ओढून घेतला. "मंग ह्यो हात?"

तेव्हापासून औषध चालू असतं, तर वास टिकला असता का, हे मला ठाऊक नव्हतं. कदाचित टिकला असता, एवढंच मी म्हणाले. त्यांनी रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला आणि गेल्या.

सर्जननी मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि स्टिरॉइडचा स्प्रे रोजचा करून दिला, न थांबवता. गिरणी मंगलताईंनी सोडली नाही. नाकाला फडकं बांधून उभ्या राहतात. दीड वर्ष झालं, नाक मोकळं आहे, चौथं ऑपरेशन लागलेलं नाही. वास फार थोडा परतला. फिनाइलचा येतो, लसणाच्या फोडणीचा कधी येतो. गॅसचा येत नाही. नवऱ्यानं सिलिंडर घराबाहेर काढून नळी भिंतीतून आत घेतली आहे.

ही हकिगत मी ज्युनिअर डॉक्टरांना सांगते तेव्हा कुणीतरी विचारतंच, कायद्यानं यात चूक कुठे होती? कायद्यानं कुठेच नव्हती. पेशंटला काय झालेलं नाही हे मी दोनदा बिनचूक लिहिलं होतं. काय झालंय, ते लिहायला मला चार वर्षं लागली.