लिफ्टमधला मुखडा

आमच्या लिफ्टचं दार उघडलं की आधी बाटलीतल्या मोगऱ्याचा वास येतो आणि पाठोपाठ ती चाल सुरू होते. सतारीवर वाजवलेला नुसता मुखडा. तो संपला की पुन्हा तोच, अंतरा नाहीच. येता-जाता मी तो ऐकते आणि दर वेळी माझं डोकं फिरतं, कारण ही चाल जन्मली तेव्हा मी तिच्या अगदी खाली, एका मजल्याच्या अंतरावर, उपाशी बसले होते.

अंधेरीच्या या गल्लीत टॉवर उभा राहण्यापूर्वी एक दुमजली घर होतं. वर ते नामवंत संगीतकार, त्यांची पत्नी आणि मुलगी. खाली आम्ही भाडेकरू. कीर्तीबिर्ती बाहेरच्या जगात, आमच्यासाठी ते वरचे काका. नवी चाल मनासारखी जमेपर्यंत घरात कुकर लावायचा नाही, हा तिथला रिवाज. शिट्टीने त्यांचा सूर विसकटायचा. काकू जिन्यातून डोकावून आईला सांगायच्या, "अजून बसली नाही गं चाल. कुकर लावू नकोस एवढ्यात." आणि एरवी जिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचा ती माझी आई मुकाट्याने गॅस बंद करायची. आम्ही कुरमुरे खात वाट बघायचो. एकदा ती विसरली. शिट्टी झाली आणि वरची पेटी थांबली. आई पांढरीफटक. काका खाली आले, दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, तुमची शिट्टी पंचमात आहे हो. मला मध्यम हवा होता." आणि स्वतःच हसत वर गेले. भुकेने जीव जायचा, पण अंतरा जुळला की आम्हालाही कळायचं. पेटी मोकळी वाहू लागायची आणि आई काडी ओढायची.

पुढे काका गेले. काकू मुलीकडे मुलुंडला राहायला गेल्या, घर पाडलं, आम्हाला नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. आणि काकांची आठवण म्हणून बिल्डरने लिफ्टमध्ये हा मुखडा बसवला. आठवण म्हणे!

मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला. "एकदा जागा बघून जाईन म्हणते." हा तुकडा त्यांच्या कानावर पडता कामा नये, एवढंच डोक्यात. तशीच सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले. निदान त्या दिवशी पूर्ण गाणं लावा, नाहीतर बंद तरी ठेवा, म्हटलं.

"मॅडम, लिफ्टमध्ये अंतरा कोण ऐकणार? तोपर्यंत माणूस घरी पोचतो ना."

"अहो, पण त्या स्वतः येतायत!"

"मग तर चालू हवंच ना! झकास वाटेल त्यांना."

मी परत आले.

काकू आल्या, काठी टेकत, पण साडीची घडी तशीच कडक. लिफ्टमध्ये मुखडा सुरू झाला आणि त्यांनी डोळे मिटले. मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिले. नववा आला, दार उघडलं, पण काकू बाहेर येईनात. त्यांनी हात वर करून मला गप्प राहायची खूण केली, अगदी जिन्यातून करायच्या तशी. दार मिटू लागलं, मी पाय मध्ये घातला. मुखडा संपला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मनातल्या मनात मी बिल्डरपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. मग काकू बाहेर आल्या.

घरात येऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. "पेटी कुठे असायची गं?" मी खाली बोट दाखवलं. तिथे आता गाड्या उभ्या असतात. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग खुर्चीत बसल्या.

मी स्वयंपाकघरात गेले. तांदूळ धुतलेलेच होते. कुकरला झाकण लावलं, लायटर हातात घेतला, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"अजून बसली नाही गं चाल. कुकर लावू नकोस एवढ्यात."

मी वळून पाहिलं. त्या चेष्टा करत होत्या की काका नाहीत हे विसरल्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. घर गेलं, माणूस गेलं, चालीचाही अर्धाच तुकडा उरला. थांबायची सवय तेवढी आम्हा दोघींकडे शिल्लक होती. मी लायटर ठेवून दिला, कुरमुऱ्यांचा डबा काढला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. बाहेर लिफ्ट थांबली, दार उघडलं आणि मुखडा पुन्हा सुरू झाला.