चार पेट्यांचा पाळणा

पुंजारामनं मिलमधली नोकरी सोडून पाळणा घेतला, ही बातमी त्याच्या बायकोला बैलगाडीवाल्याकडून कळली. औरंगाबादेत बेगमपुऱ्यातल्या त्यांच्या खोलीसमोर गाडी येऊन थांबली. तिच्यातनं लाकडाचे लांबलचक दांडे उतरले, मग दोरखंड, मग हिरव्या-तांबड्या रंगाच्या चार पेट्या. भागूबाई दारात ज्वारी निवडत बसली होती. तिला वाटलं, शेजारच्यांचं सरपण आलं.

"कुणाचं हाय हे?" तिनं गाडीवानाला विचारलं.

"तुमचंच की."

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला तेव्हा वीसेक वर्षं होत आली होती. पुंजाराम मूळचा लासूर स्टेशनकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. जमीन थोरल्या भावानं, काकासाहेबानं सांभाळली आणि पुंजाराम शहरात येऊन कापडाच्या मिलमध्ये लागला. भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की यायचं. नवऱ्यावर भागूबाईचा काडीचा विश्वास नव्हता, पण त्या भोंग्यावर तिचा फार जीव होता.

संध्याकाळी पुंजाराम आला तो मिशा पिळतच. खुलताबादच्या उरसात त्याला एक म्हातारा पाळणेवाला भेटला होता, त्याच्याकडनं त्यानं हे लचांड विकत घेतलं होतं.

"आता कुणाची चाकरी नाय, भागे," तो म्हणाला. "पौषापासनं मिरगापर्यंत गावोगाव जत्रा. रोज नवं गाव, नवं पाणी. फिरायचं आन् कमवायचं."

"माणसाला वर न्यायचं, खाली आणायचं आन् बसला तिथंच उतरवायचं," भागूबाई म्हणाली. "ह्याला तुमी धंदा म्हणता व्हय?"

ती बरोबर निघाली ती प्रेमापोटी नव्हे. एकट्या सोडलेल्या ह्या माणसाला दुसऱ्याच गावात कुणीतरी पाळण्यासकट विकून खाईल, अशी तिची खात्री होती. मूलबाळ नव्हतं. लासूरला जावेनं ऐकलं तेव्हा ती चारचौघींत म्हणाली, "घरात पाळना हलला नाय, तो जत्रंत हलवायला निघाले." भागूबाईनं ते ऐकून घेतलं. जाव आयुष्यात लासूर सोडून वैजापूरच्या पलीकडं गेली नव्हती. असल्या बाईच्या बोलण्याला काय उत्तर द्यायचं?

मग सुरू झाली ती वणवण. दर पौषात खोली सोडायची, भांडीकुंडी कुणाच्या तरी माळ्यावर टाकायची आणि पावसाळ्यात परत येऊन नवीन खोली हुडकायची. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला बैलगाडी भाड्यानं घ्यायची. गाडी मिळेल का, मिळाली तर वेळेवर पोचेल का, पोचली तर जागा मिळेल का, ह्यातलं काहीच कधी ठाऊक नसायचं. एका गावी पोचले तर जत्रा आदल्या दिवशीच उठली होती, कारण पुंजारामनं तिथी ऐकली होती एका हजामाकडून. दुसऱ्या गावी पटकीची साथ निघाली. डॉक्टरनं सगळ्या दुकानदारांना रांगेत उभं करून सुया टोचल्या आणि हाकलून दिलं. हात सुजलेला, गाडीवाला पळालेला, आणि पुंजाराम दांड्यांवर बसून बिडी ओढत म्हणतोय, "पुढचं गाव लई चांगलं हाय बघ."

भागूबाईला त्या 'पुढच्या गावा'चा तिटकारा आला होता.

तिटकारा म्हटला तर तिला सगळ्यांचाच होता. पैसे देऊन वर जाऊन बोंबलणाऱ्या बायांचा होता. "थांबीव, थांबीव" म्हणून रडणाऱ्या आणि खाली आल्यावर मिशीला ताव देणाऱ्या पैलवानांचा होता. जत्रेच्या पंचांचा तर फारच. अजिंठ्याच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं, तिथल्या माघी पौर्णिमेच्या जत्रेत कारभारी नावाचा पंच जागा वाटायचा. पाळणा देवळासमोर लावायचा तर आधी कारभारीचं सगळं गोत फुकट फिरवावं लागे. लेकी, सुना, साडू, साडूचे व्याही. त्यांना फिरवता फिरवता भागूबाईचे खांदे भरून यायचे. हा पाळणा हातानंच फिरवायचा होता. एका बाजूला ती रेटायची, दुसऱ्या बाजूला पुंजाराम. त्यातही मधेच कुणी ओळखीचं दिसलं की पुंजारामचा हात सुटायचा आणि तो गप्पांना लागायचा. एक गोष्ट मात्र त्याला येत होती. आवाज चांगला होता. त्यानं एकदा हाक दिली की माणसं जिलबी टाकून यायची. पण आलेल्या माणसांचं पुढं काय करायचं, हे त्याला कधीच सुचलं नाही.

अशीच काही वर्षं गेली आणि बहात्तरचा दुष्काळ आला.

त्या साली निघूच नये, असं भागूबाईनं बजावलं होतं. माणसांना प्यायला पाणी नाही, जत्रेला कोण येणार? पुंजाराम म्हणाला, "दुष्काळात माणूस देवाला जास्त जातो." आणि माघात ते त्या डोंगरापायथ्याच्या गावी पोचले. गाडीवाल्यानं पाळणा देवळासमोर उतरवला आणि परत जाताना सांगितलं, "मी आता येनार नाय. उद्या बैलं बाजारात काढतोय. चारा नाय."

जत्रा भरलीच नाही. पाच-सहा म्हातारे पालखीबरोबर चालले, नारळ फुटले, संपलं. सगळा गाव तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. पाळणा उभा केला तसा उभाच राहिला. आणि आता तो न्यायचा कसा? पंचक्रोशीत गाडीला जुंपायला बैल उरला नव्हता. होते ते चारा छावणीत बांधलेले, नाहीतर विकलेले.

चार दिवस पुंजाराम पारावर बसला. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं टोपी घातली.

"सिल्लोडला जाऊन ट्रक बघून येतो," तो म्हणाला. "सांजच्याला माघारी येतो."

भागूबाईनं त्याला भाकरी बांधून दिली. सांज झाली, दुसरी सांज झाली. आठवडा उलटला. आधी तिला वाटलं, अपघात झाला. मग वाटलं, आजारी पडला असेल. मग तिनं गाठोडं उघडून बघितलं तर त्याचं ठेवणीतलं धोतर आणि कोट नव्हता. ट्रक बघायला जाताना माणूस ठेवणीतलं धोतर कशाला नेईल? तिनं गाठोडं परत बांधलं. रडायला आलं होतं, पण एवढ्याशा माणसासाठी रडायचं तिला लाजिरवाणं वाटलं.

कारभारी आला. मोठ्या मायेनं बोलला.

"भागूबाई, तुमी घरला जा. हे लाकूड काय उचलून नेनार तुमी? मी घेतो. गोठ्याला लागंल मला."

"गोठ्यात हाय काय आता तुमच्या?" भागूबाई म्हणाली.

"बैलं नसली म्हनून काय झालं? पुढं येतील."

"तवा पुढं बघू."

"एकटी बाई मानूस, परक्या गावात राहनार कशी?"

"तुमच्या समद्या गोताला मी ह्या हातानं वर-खाली केलंय," ती म्हणाली. "मला कुनी परकं नाय हितं."

दुसऱ्या दिवसापासनं ती कामावर गेली. दिवसभर खडी फोडायची, सरकारनं वाटलेलं सुकडीचं पीठ खायचं, संध्याकाळी पाळण्याखाली येऊन पडायचं. हाताला घट्टे आधीच होते, त्यामुळं हातोडीचं तिला नवल नव्हतं. कामावरच्या बायका विचारायच्या, "मालक कवा येनार?" ती म्हणायची, "ट्रक शोधत्यात. लई मोठा शोधत असत्याल." बायका हसायच्या, ती हसायची नाही.

असा महिना गेला. कामावरची खडी न्यायला ट्रक यायचे. त्यातला एक हैदर नावाच्या ड्रायव्हरचा होता, औरंगाबादेत शहागंजला राहणारा. तो रोज येता-जाता देवळापुढचा पाळणा बघायचा. एकदा त्यानं ट्रक थांबवला आणि खाली उतरून पाळण्याच्या पेटीला हात लावला.

"मावशी, किसका है ये?"

"माझा."

"उरसात लावत होते ना? बारकं असताना बसलोय मी यात. यही हरा डब्बा था." त्यानं पेटीवर थाप मारली. "इथं क्या कररा ये?"

भागूबाईनं सांगितलं. नवऱ्याचं सांगताना ती आडपडदा ठेवत नव्हती.

"उरूस आला आता," तो म्हणाला. "काम झालं की मी रिकामा ट्रक घेऊन खुलताबादवरनंच जाणार. डालो उसमें. मला कुठं बैल जुंपायचेत?"

कामावरच्या बायकांनी पाळणा सोडवला, दांडे खांद्यावरनं ट्रकपर्यंत नेले. कारभारी पारावरनं बघत होता. उठून मात्र आला नाही.

खुलताबादला दुष्काळातही माणूस होतं. थोडं होतं, पण होतं. भागूबाईनं दोन हमाल लावून स्वतः पाळणा उभा केला. कुठला दांडा कुठं बसतो, हे पुंजारामपेक्षा तिलाच जास्त ठाऊक होतं. तो नुसता "जरा डावीकडं" म्हणायचा. हाक मारायला आवाज नव्हता, म्हणून तिनं पत्र्याचा डबा वाजवला. माणसं आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आधी, पुंजाराम आला. ठेवणीतलं धोतर स्वच्छ धुतलेलं, गाल वर आलेले. लासूरला भावाकडं राहत होता. तिथं त्यानं सांगितलं होतं की भागी हट्टाला पेटली, पाळणा सोडायला तयार नाही, म्हणून मी एकटाच आलो. उरसाहून परतलेल्या कुणीतरी लासूरला सांगितलं की तुझी बायको पाळणा चालवतेय, तेव्हा काकासाहेबानं त्याला घराबाहेर काढलं. हे सगळं तिला नंतर कळलं. तेव्हा मात्र तो चहा पिऊन आल्यासारखा सरळ आला आणि पाळण्याच्या दांड्याला हात लावून उभा राहिला.

"उभा बराच सरळ केलास," तो म्हणाला.

भागूबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग हिरवी पेटी खाली आणली.

"बसा."

"मी?"

"बसा म्हनते ना."

इतक्या वर्षांत पुंजाराम स्वतःच्या पाळण्यात एकदाही बसला नव्हता. उंचीला तो भ्यायचा, आणि हे फक्त तिला माहीत होतं. शेजारचा खेळणीवाला बघत होता, जिलबीवाला बघत होता. नाही म्हणायची सोय नव्हती. तो बसला. भागूबाईनं रेटा दिला, पेटी वर गेली, आणि अगदी टोकाला पोचली तेव्हा तिनं खालच्या पेटीचा दोर खुंटीला गुंडाळून टाकला.

"भागे, थांबली गं ही!"

"मी थांबिवली." तिनं पदर खोचला आणि मान वर केली. "ट्रक बघायला गेला व्हता ना तुमी? बघा बरं, तिथनं दिसतोय का एखादा."

जिलबीवाला फिसकन हसला. पुंजारामनं दोन्ही हातांनी दांडा धरला होता, डोळे मिटले होते.

"खाली घे गं."

"दिसला का?"

"भागे, मी भ्यालो गं. मला वाटलं, आता ह्यातनं काय सुटका नाय. तू येशील मागनं, असं वाटलं."

"मागनं? पाळना डोक्यावर घेऊन?"

वरनं बारीक आवाज आला, "पळालो मी. चुकलं."

भागूबाईनं आणखी थोडा वेळ त्याला तसंच ठेवलं. राग तिला आला नव्हता. रागाला समोर कुणीतरी पुरतं माणूस लागतं, आणि वर डोळे मिटून बसलेल्या त्या गाठोड्याकडं बघून तिला नुसती किळस येत होती. तेवढ्यात एक कुटुंब पाळण्याकडं आलं, बुरखा घातलेली आई आणि तिच्या मागं पोरं. धंद्याची वेळ झाली. तिनं दोर सोडला.

पुंजाराम उतरला. ती त्याला म्हणाली, "हाका मारा. तेवढं येतंय तुमाला." आणि तो खरंच हाका मारायला लागला.

त्यानंतर पाळणा भागूबाईचा झाला. जागा ती ठरवायची, गाडी ती बघायची, तिथी ती दहा जणांना विचारून पक्की करायची. पुंजाराम हाका मारायचा आणि सांगितलं तिथं बसायचा. तिनं त्याला टाकलं नाही, आणि पुन्हा 'अहो' म्हणून हाकही मारली नाही. लोकांत 'हे आमचे हाकारे' म्हणून सांगायची.

पुढं इंजिनावरचे लोखंडी पाळणे आले. औरंगाबादेत कर्णपुऱ्याच्या यात्रेत त्यांच्या दिव्यांपुढं हा लाकडाचा पाळणा कोपऱ्यात गेला. काकासाहेब एकदा मुद्दाम आला. त्यानं लासूरला एक खोली द्यायची तयारी दाखवली, शिवाय चूल-पाण्याची सोयही. "भागूबाई, आता वय झालं, एका जागी बसा," तो म्हणाला. पुंजारामचे डोळे चमकले. त्याला कधीचंच एका जागी बसायचं होतं. फिरायची हौस त्या डोंगराखालच्या गावातच संपली होती.

"तुमी जा," भागूबाई त्याला म्हणाली. "मी नाय येनार."

तिला जमलंच नसतं. मिरगापासनं पौषापर्यंतचे महिने शहरातल्या खोलीत काढतानाही ती चिडचिडी व्हायची. रोज तेच छप्पर बघून उठणारी माणसं तिला आता झाडाला बांधलेल्या शेळ्यांसारखी वाटत. ज्या वणवणीला तिनं नावं ठेवली, तीच तिच्या पायात भिनली होती, आणि हे कबूल करायची वेळ आली असती तर तिनं स्वतःलाही चार शिव्या घातल्या असत्या.

पुंजाराम लासूरला गेला नाही. गाडी भरली तशी तो मुकाट्यानं येऊन मागं पेटीवर बसला. गंगापूरच्या बाजूला एका नव्या गावी जायचं होतं. तिथं आधी कुणी पाळणेवाला गेलेला नव्हता.

"पान्याची सोय असंल का तिथं?" त्यानं विचारलं.

भागूबाई पुढं गाडीवानाशेजारी बसली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

"गेल्यावर कळंल," ती म्हणाली, आणि गाडीवानाला बैल हाकायला सांगितलं.