फोन आधी कोणाचा वाजावा

"साइट बंद आहे का ताई?" असं सकाळी सहाला फोन करून विचारणाऱ्याचा मला एकेकाळी भयंकर राग यायचा. खरं तर राग त्याच्यावर नव्हताच. आपली साइट पडलीय हे आपल्याला दुसऱ्याकडून कळावं, याचा होता.

तापीकाठच्या केळी उत्पादकांचा एक गट आहे. त्याचं कॉम्प्युटरचं सगळं काम मी इतवारा पेठेतल्या माझ्या घरून बघते. कोणाच्या बागेत कधी कापणी, कोणता ट्रक कोणाकडे जाणार, हे आमच्या साइटवर ठरतं. घड एकदा कापला की त्याच दिवशी गाडीत चढायला हवा. सकाळी ट्रकचा नंबर दिसला नाही, तर माणूस कोयता घेऊन बांधावर नुसता उभा राहतो.

त्या हंगामात साइट तीनदा पडली. तिसऱ्या वेळी बैठकीत खजिनदारांनी ठराव मांडला, आणखी एकदा पडली तर साइट कायमची बंद, पुन्हा वही आणि फोन. खजिनदार मोठे बागायतदार, त्यांच्या शब्दाला वजन. अध्यक्षांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनीही मान डोलावली. वही आली की माझं काम गेलं, हे मात्र कोणी तोंडाने बोललं नाही. चार वर्षं जीव ओतून उभं केलेलं काम एका वहीपुढे हरणार, या विचाराने मला रडू नाही आलं, संताप आला.

दुसऱ्याच दिवशी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढून इन्व्हर्टरला जोडला. त्यावर फुकट मिळणारी, कोड सगळ्यांना खुला असलेली दोन सॉफ्टवेअर बसवली. पहिलं दर मिनिटाला साइटचं दार वाजवून बघतं. दार उघडलं नाही तर कोणाला उठवायचं, ते दुसरं बघतं. यादीतल्या पहिल्याचा फोन वाजतो, आणि त्याने दहा मिनिटांत 'मी घेतलं' हे बटण दाबलं नाही, तर पुढच्याचा वाजतो. बटणावर मुळात इंग्रजी शब्द होता. कोड खुला, म्हणून तो मी मराठी करून टाकला आणि दिवसभर उगाच ऐटीत फिरले.

पण यादी लिहिताना मी माती खाल्ली. लग्नपत्रिकेत नावं घालतात तशी मानाप्रमाणे लिहिली. पहिले काका, मग खजिनदार, मग सचिव आणि सगळ्यात शेवटी मी. वयाने लहान, त्यात गटातली एकटी बाई, माझं नाव वर कसं घालायचं? हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याच हाताने आपोआप झालं.

एका रविवारी दुपारी चाचणी म्हणून मुद्दाम साइट बंद केली. काकांचा फोन सदऱ्याच्या खिशात, सदरा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खुंटीवर आणि काका बागेत. खजिनदार जेवून आडवे झाले होते. सचिवांनी फोन बघितला, पण काकांच्या आधी आपण बटण कसं दाबायचं, म्हणून ते काकांनाच फोन लावत बसले. अर्ध्या तासाने माझा फोन वाजला. तोवर मी माझाच नियम पाळत, बंद साइटसमोर दात-ओठ खात बसले होते.

कोणाचा फोन कधी वाजला याची नोंद ते सॉफ्टवेअर स्वतःच ठेवतं. ती छापून मी तडक काकांच्या घरी गेले.

"काका, तुमचं नाव पहिलं आहे, म्हणून अर्धा तास वाया गेला," मी म्हटलं. आवाज चढलाच होता.

काकांनी कागद दोनदा वाचला. साइट दुरुस्त करता कोणाला येते, असं त्यांनी विचारलं. मला, मी म्हटलं.

"मंग तुझं नाव खाली काहून? वर टाक. अन् माझं काढून टाक, मले कामात फोन उचलताच येत नाही."

पुढे ऐन कापणीत, मी मेथीची जुडी निवडत बाजारात उभी असताना फोन वाजला. बटण दाबलं. सर्व्हर जुन्या नोंदींनी गच्च भरला होता. स्वतःला चार शिव्या देत मी तिथेच मोबाइलवरून तो रिकामा केला आणि साइट पुन्हा चालू केली. चार मिनिटं लागली. त्या सकाळी मला एकाचाही फोन आला नाही.

म्हणजे गप्प बसता आलं असतं. ठरावात म्हटलं होतं तशी साइट आणखी एकदा पडलीच होती, फक्त कोणाला कळलं नव्हतं. पण लपवून टिकवलेलं काम मला नको होतं. मी ती नोंद बैठकीत काकांपुढे ठेवली. काकांनी ती मोठ्याने वाचली, सहा अठ्ठेचाळीसला बंद, सहा बावन्नला चालू.

खजिनदार सावरून बसले. कोणता दिवस, त्यांनी विचारलं. काकांनी सांगितला.

"त्या दिवशी तं माझीच कापणी होती," ते चक्रावून म्हणाले. "सातच्या आत नंबर आला, गाडी टायमावर लागली."

सगळे त्यांच्याकडेच बघत होते. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि वहीचा ठराव स्वतःच मागे घेतला. मी गालातल्या गालात नाही, चांगली तोंडभर हसले.